खळी: गालावरची आणि इतर ठिकाणची

दोन आठवड्यांपूर्वी एक आजी आपल्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. नात नुकतीच बारावी झालेली, तब्येतीने ठणठणीत. मी विचारलं, "काय होतंय?" नात गप्प. आजीच म्हणाल्या, "हिला काही होत नाही डॉक्टर, डोक्यात खूळ शिरलंय. गालाला भोकं पाडून घ्यायचीत म्हणते." नातीने कपाळावर हात मारून घेतला. "भोकं नाही गं आजी, डिंपल! डॉक्टर, डिंपलचं ऑपरेशन असतं ना? सेफ असतं का ते?"

आजींना डिंपल हा शब्द ठाऊक नव्हता असं नाही. पण त्यांच्या पिढीला डिंपल म्हटलं की १९७३ सालचा 'बॉबी' आठवतो. ते एका मुलीचं नाव आहे, गालावर असते ती खळी. नातीच्या तोंडी मात्र खळी हा शब्द उरलेलाच नाही. मी दोघींच्या मध्ये दुभाष्याचं काम केलं आणि त्या निमित्ताने घरी जाऊन शब्दकोश काढून बसलो. (ही माझी जुनी खोड. बायको म्हणते, औषधांपेक्षा शब्दांवर जास्त वेळ घालवता.)

इंग्रजीत डिंपल हा शब्द साधारण सहाशे वर्षांपासून आहे. त्याचं मूळ जुन्या जर्मानिक भाषांमध्ये असावं असं भाषातज्ज्ञ मानतात. आजच्या जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद शोभेल असा एक शब्द आहे, ट्युम्पेल. त्याचा अर्थ डबकं! त्याच्याही मागे गेलं तर पाण्यातला भोवरा असा अर्थ सापडतो. खोल या अर्थाचा इंग्रजी 'डीप' आणि बुडवणे या अर्थाचा 'डिप' हेही याच गोतावळ्यातले. म्हणजे ज्या खळीवर लोक जीव टाकतात, ती शब्दाच्या हिशोबाने गालावरचं डबकं आहे. नातीला हे सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला माहीत नव्हतं.

शरीरातल्या खळग्यांना पाण्यावरून नाव देण्याची युरोपातल्या लोकांना सवयच दिसते. काखेला इंग्रजीत आर्मपिट म्हणतात. त्यातला पिट हा लॅटिनमधल्या विहिरीच्या शब्दावरून आला. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर जी मऊ जागा लागते, आपण जिला टाळू म्हणतो, तिचं वैद्यकातलं नाव फॉन्टॅनेल, म्हणजे लहानसा झरा. त्या जागी नाडीचे ठोके दिसतात म्हणून झरा सुचला की काय, असं मला नेहमी वाटतं. आपल्याकडे मात्र खळगा म्हटलं की पाणी आठवत नाही, भूक आठवते. पोटाची खळगी भरण्यासाठी माणूस गाव सोडतो.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. गालावर खळी पडते म्हणजे नेमकं काय होतं?

आपण हसतो तेव्हा गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा एक स्नायू आखडतो आणि ओठाचा कोपरा वर खेचला जातो. बहुतेकांमध्ये हा स्नायू म्हणजे एकच पट्टा असतो. काहींमध्ये मात्र तो खालच्या बाजूला दुभंगलेला असतो. दोन फांद्या, एक ओठाच्या कोपऱ्याच्या वर जाणारी, एक खाली. त्यातल्या खालच्या फांदीचे काही धागे त्वचेला आतून चिकटलेले असतात. हसल्यावर आजूबाजूचा गाल फुगतो, पण धाग्याने धरून ठेवलेली जागा आतच राहते. तीच खळी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांच्या चेहऱ्याच्या ५० अर्ध्या भागांचं विच्छेदन केलं होतं, तेव्हा १७ ठिकाणी हा स्नायू असा दुभंगलेला सापडला.

मी पेशंटना हे गादीच्या उदाहरणाने सांगतो. कापसाची गादी भरून झाली की गादीवाला मोठ्या सुईने जागोजागी टाके घालतो. जिथे टाका ओढून बांधला तिथे गादीला खळी पडते, बाकी कापूस फुगलेला राहतो. गालावरच्या खळीमागे असाच एक जन्मजात टाका असतो. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

थोडक्यात, खळी म्हणजे स्नायूच्या बांधणीतला एक निरुपद्रवी फरक. ती घराण्यात चालते हे खरं, पण आई-वडिलांना खळी आहे म्हणजे मुलाला असणारच, असं साधं गणित त्यात नाही. कित्येक बाळांच्या गालांवर खळ्या दिसतात आणि पाच-सहा वर्षांचं झाल्यावर, गालांवरचं बाळसं उतरलं की, नाहीशा होतात. त्यात कुणाची दृष्ट लागलेली नसते.

खळ्या हव्यात म्हणून लोक काय काय करतात! १९३६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावच्या इसाबेला गिल्बर्ट नावाच्या बाईंनी खळ्या पाडण्याचं यंत्र काढलं होतं. चेहऱ्यावर बसवायची तारेची स्प्रिंग आणि तिच्या टोकांना गाल दाबणाऱ्या दोन गुंड्या. दाबून गाल दुखले असणार, खळ्या काही पडल्या नसणार, कारण आत टाकाच नाही. आजचं ऑपरेशन तो टाकाच घालतं. तोंडाच्या आतून छोटा छेद घेऊन गालाचा स्नायू आणि त्वचा एकमेकांना शिवतात. जागा भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पहिले काही आठवडे न हसताही खळी दिसत राहते, मग टाका विरघळतो आणि हसल्यावरच दिसू लागते. गालातून लाळेची नळी आणि चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या जातात. त्यांना इजा होणं, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजू सारख्या न दिसणं, हे धोके कमी असले तरी खरे आहेत. आणि आवडली नाही तर पुसून टाकता येत नाही. एवढं सगळं मी नातीला सांगितलं. करू नकोस असं म्हणालो नाही, तो माझा अधिकार नाही. "फॅशन बदलली तरी टाका राहील" एवढंच म्हणालो. ती विचार करते म्हणाली. आजींनी मात्र उठता उठता माझ्याकडे, यांनी कानफटात का नाही मारली, अशा नजरेने पाहिलं.

शब्दाचा आणखी एक गोंधळ सांगतो. एका रात्री अकरा वाजता ओळखीतल्या एका तरुण बापाचा फोन आला. चार दिवसांचं बाळ घरी आलं होतं, आणि डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी 'सेक्रल डिंपल' असं लिहिलं होतं. दिवसभर त्याने सगळ्यांना सांगितलं, बाळाला खळी आहे. रात्री आजीने तेल लावताना पाहिलं तर माकडहाडाच्या वर, नितंबांच्या फटीपाशी एक बारीक खळगा. आता घरात रडारड, कारण कुणीतरी मोबाइलवर काहीबाही वाचलेलं.

शंभरातल्या दोन ते चार नवजात बाळांना असा खळगा असतो आणि बहुतेकांना त्याने काहीही होत नाही. खळगा एकच असेल, पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत असेल आणि त्यावर केसांचा झुपका, लाल डाग किंवा गाठ नसेल, तर काळजी करायची नाही. यापेक्षा वेगळं काही असेल तर आत मज्जारज्जूला अडकवणारा दोष असू शकतो. अशा वेळी पाठीच्या कण्याची सोनोग्राफी करतात, आणि ती पहिल्या तीन-चार महिन्यांतच नीट दिसते. नंतर मणके कडक होतात. म्हणून 'मोठं झाल्यावर बघू' असं करू नका. आणि तो खळगा टोकरू नका, त्यात काडीने तेल घालू नका. त्या बाळाचा खळगा साधा निघाला.

मोठ्या माणसांच्या कमरेवर मागच्या बाजूला दोन खळ्या असतात, त्या वेगळ्या. तिथे कमरेच्या हाडाचं टोक त्वचेला खालून जोडलेलं असतं. हाडातल्या रक्तपेशी तपासण्यासाठी सुई घालायची असते तेव्हा आम्ही त्याच खुणेचा आधार घेतो.

आता ज्या खळीसाठी हा लेख लिहायला बसलो, त्या खळीकडे येतो.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एक पेशंट होत्या, त्यांना काकू म्हणू. वय ५१, मधुमेह, गोळ्यांवर चांगला आटोक्यात. दर महिन्याला नेमाने यायच्या, बरोबर त्यांचे यजमान. एकदा तपासणी झाली, दोघं बाहेर गेले, आणि काकू चप्पल घालता घालता परत आत आल्या. पर्स विसरल्याचं निमित्त करून. दार अर्धवट लोटून म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू? छातीवर खळी पडते का हो कुणाला?"

मला क्षणभर कळलंच नाही. त्या सांगू लागल्या. न्हाऊन आल्यावर आरशापुढे केस बांधायला हात वर केले की उजव्या बाजूला एक खळी पडते. हात खाली घेतले की जाते. दुखत नाही, खुपत नाही, गाठ लागत नाही.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

तेव्हा मे महिना चालू होता.

मी सिस्टरना बोलावलं, यजमानांना बाहेर बसायला सांगितलं आणि तपासलं. हात खाली असताना दोन्ही बाजू सारख्या. हात डोक्यावर घ्यायला सांगितल्याबरोबर उजव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला खाली एक स्वच्छ खळी उमटली, गालावर पडते तशीच. तिच्या खाली खोलवर बोटांना एक टणक, न सरकणारी गाठ लागली. काखेतही एक लहान गाठ होती.

गादीचा टाका आठवतोय ना? स्तनाच्या आत चरबी आणि दुधाच्या ग्रंथी असतात, आणि त्यांना जागेवर धरून ठेवणारे बारीक तंतू त्वचेपासून आतपर्यंत गेलेले असतात. इंग्लंडमधले शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८४० साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कूपरचे तंतू म्हणतात. निरोगी अवस्थेत हे टाके सैल असतात, बाहेरून दिसत नाहीत. आत कॅन्सरची गाठ झाली की ती या तंतूंना आपल्याकडे ओढते, आखूड करते. टाका आवळला जातो. गाठ हाताला लागण्याइतकी मोठी नसली तरी खळी दिसू शकते. हात वर केला किंवा कमरेवर दाबला की ताण पडतो आणि ती स्पष्ट होते. काही वेळा त्वचेतून लसिका वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबतात. मग त्वचा पाणी पिऊन फुगते, पण जिथे जिथे ती आत बांधलेली आहे तिथे खालीच राहते, आणि सगळा भाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागतो. तेही तितकंच गंभीर लक्षण.

प्रत्येक खळी म्हणजे कॅन्सर नव्हे. मार लागून आतली चरबी खराब झाली, पूर्वी ऑपरेशन किंवा गळू झालं असेल, तरीही खळी पडू शकते. स्तनाग्रं तरुणपणापासून दोन्ही बाजूंना आत असतील तर तीही काळजीची बाब नाही. पण नवीन पडलेली, एकाच बाजूची खळी दिसली तर ती दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. काकूंनी नेमकं तेच केलं होतं. "दुखलं असतं तर सांगितलं असतं हो," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आणि हे 'कुणी' म्हणजे मी. त्या रात्री मी त्यांचा केसपेपर काढला. दिवाळीच्या आधीपासून त्या दिवसापर्यंत त्या माझ्याकडे सात वेळा आल्या होत्या. माझ्याच अक्षरात सात नोंदी: बीपी, वजन, उपाशीपोटी शुगर, गोळ्या त्याच. एवढ्या वेळात मी त्यांचे पाय तपासले होते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. 'बाकी काही तक्रार नाही ना?' असं मी दर वेळी विचारायचो, पण चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता, शेजारी यजमान बसलेले असताना. या प्रश्नाला 'नाही' शिवाय दुसरं उत्तर मिळूच नये अशा तऱ्हेने. सातव्या भेटीत त्यांना पर्सचं निमित्त काढावं लागलं.

त्यात आपली भाषाही आड येते. स्तन हा शब्द आपण कवितेत आणि पुस्तकात ठेवला आहे, बोलताना छाती म्हणतो. पण छातीत दुखतं म्हणजे हृदय, छाती भरलीय म्हणजे कफ. एवढ्या गर्दीत बाईने सांगायचं कसं? काकूंनी गालावरचा शब्द उचलून आणला म्हणून निदान वाक्य तरी तयार झालं.

भारतात स्त्रियांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ साली देशात अंदाजे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली. पाश्चात्त्य देशांत सरसकट मॅमोग्राफी होते, आपल्याकडे ते परवडणारं नाही. म्हणून मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया घेतल्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने आणि नजरेने स्तनांची तपासणी केली, अशा चार फेऱ्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष आले. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही. ज्या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, ती मी सात वेळा केली नव्हती. काकूंचं वय तर त्या ३० टक्क्यांतलंच.

घरी आरशात स्वतः पाहण्याबद्दल खरं ते सांगतो. शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, ठरावीक पद्धतीने स्वतःची तपासणी शिकवल्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यामुळे दर महिन्याला भीतभीत चाचपत बसा, असं मी सांगत नाही. पण आपलं शरीर कसं दिसतं हे आपल्याला माहीत असावं. पाळी येऊन आठ-दहा दिवस झाल्यावर, पाळी गेली असेल तर कुठल्याही दिवशी, उजेडात आरशापुढे उभं राहून आधी हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. मिनिटभराचं काम आहे. नवी खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, रक्ताळ स्राव किंवा काखेत गाठ दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पुरुष डॉक्टरांपाशी संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर गाठा, पण पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आणि पुरुषांनो, हा कॅन्सर शंभरात एखाद्या वेळी पुरुषालाही होतो, तेव्हा तुम्हीही गाठ लपवू नका.

काकूंची मॅमोग्राफी झाली, बायॉप्सी झाली, निदान पक्कं झालं. यजमान माझ्यासमोर बसून एकच विचारत राहिले, "मला का नाही सांगितलंस गं?" काकू पदराच्या टोकाला पीळ घालत म्हणाल्या, "तुम्ही घाबरला असतात." आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, असं जवळपास वर्ष गेलं. काखेतल्या ग्रंथींपर्यंत आजार पोचलेला असल्याने त्याही काढाव्या लागल्या. सात महिने आधी हात लावला असता तर त्या वाचल्या असत्या का? मी हे सर्जनना विचारलं होतं. ते म्हणाले, "कदाचित." एवढंच.

काकू आज ६६ वर्षांच्या आहेत. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, आता सून बरोबर येते. कॅन्सर परतलेला नाही. पण काखेतल्या ग्रंथी काढल्या की काहींच्या हातावर कायमची सूज राहते, तशी त्यांच्या उजव्या हातावर आहे. दिवसा त्या घट्ट बाही घालून वावरतात, त्या हाताला सुई टोचून घेत नाहीत, भाजू-कापू देत नाहीत. मनगटाच्या वर अंगठ्याने दाबलं की तिथे खड्डा पडतो आणि हळूहळू भरून येतो. मी दर वेळी दाबून पाहतो, किती वेळ लागला ते लिहितो. मग बीपी घ्यायला मशीन पुढे केलं की त्या न सांगता डावा हात टेबलावर ठेवतात.